मोटारीचा जळका वास : निदान आणि उपाय



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून मोटारीच्या जळक्या वासाविषयी बोलायचे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना गंमत वाटली असेल. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली तेव्हा पेट्रोलवर चालणारी मोटार अजून जगात यायची होती. तेव्हा ह्या विषयाला परंपरेचा आधार नाही, असे कोणी म्हटले तर ते आम्हांला मान्य आहे. परंतु ज्या गोष्टीशी लोकांचा रोजचा संबंध येतो, तिच्याविषयी चार समजुतीच्या गोष्टी एकत्र बसून बोलाव्या, हाही अशा मालेचा एक हेतू असतोच. पालघर, बोईसर, तारापूर ह्या पट्ट्यात आज गल्लोगल्ली मोटारी उभ्या आहेत. त्या चालवणारे पुष्कळ आहेत. त्या काय सांगतात हे ऐकणारे थोडे. आणि मोटार जे सांगते त्यातले निम्मे तरी ती वासाने सांगते.

विषयाकडे आम्ही वळलो ते पुस्तके वाचून नव्हे. आमची एक आत्या मुरब्याला राहते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर. अंगणात उभे राहिले की एका बाजूने खाडीचा वारा आणि दुसऱ्या बाजूने बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास. एके वर्षी आमची मोटार पावसाळ्याचे चार महिने तिच्या अंगणात उभी होती. दसऱ्याच्या सुमारास ती बाहेर काढली आणि थोड्याच दिवसांत फेरी आटोपून गाडी थांबवली की जळका वास येऊ लागला. शहरातल्या एका गॅरेजात दाखवली. मिस्त्रींनी बॉनेटजवळ नाक नेले, एकदा गाडी पुढेमागे केली आणि निर्णय दिला : क्लच जळला. क्लच बदलला, पैसे मोजले. वास कायम राहिला. पुन्हा विचारले तेव्हा उत्तर मिळाले, नवा क्लच सुरुवातीला थोडा वास मारतोच. हे बोलणे सर्वस्वी खोटे नव्हते, म्हणूनच आम्ही त्यावर विसंबलो.

पुढे तीन आठवड्यांनी आत्याला घेऊन मनोरला जायचे होते. पालघरहून मनोरला जाताना वाघोबाची खिंड लागते. चढ संपला, वाघोबाच्या देवळापाशी हात जोडले आणि गाडी उताराला लागली. दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर ब्रेकवर पाय ठेवला, तो पाय चिखलात रुतावा तसा खाली गेला. गाडी थांबेना. पुढे काय झाले ते ओघाने सांगूच. येथे एवढेच, की त्या दिवशी आम्हांला उमगले की तीन आठवडे मोटार आम्हांला एकच गोष्ट सांगत होती, आणि आम्ही तिचा अर्थ दुसऱ्याच माणसाकडून लावून घेतला होता.

आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचे उदाहरण म्हणून डोंगरावरचा धूर सांगतात. धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे ठरवावे. वासाचेही तसेच आहे. मात्र एक भेद ध्यानी घ्यावा. जळका वास आला म्हणजे काहीतरी तापले आहे, एवढे निश्चित. पण काय तापले आहे हे वासावरून लगेच ठरत नाही, कारण एकाच प्रकारचा वास अनेक कारणांनी येतो. जो हेतू दोन निरनिराळ्या ठिकाणी सारखाच सापडतो त्यावरून एक ठिकाण निश्चित करता येत नाही, हे नैयायिकांनी केव्हाच बजावून ठेवले आहे. आमच्या मिस्त्रींची चूक नेमकी ही होती. क्लचच्या तबकडीवरचा घर्षणाचा थर आणि ब्रेकच्या पॅडवरचा थर हे एकमेकांचे चुलतभाऊ होत. दोन्ही जळले की वास जवळजवळ एकच. तेथे नाक एकटे पुरे पडत नाही. नाकाला प्रश्नांची जोड द्यावी लागते.

असे चार प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे ठेवणार आहो. वास गाडीचा आहे काय? तो केव्हा येतो? कशासारखा येतो? आणि कोठून येतो? हे चार प्रश्न क्रमाने विचारले तर दहांपैकी बहुतेक वेळा आपण योग्य दारापर्यंत पोचतो.

पहिला प्रश्न ऐकून हसू येईल. पण आपल्या भागात तो आवश्यक आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतून जाताना हवेत कोणता वास कोणत्या कारखान्याचा हे सांगणे तेथल्या रहिवाशांनाही कठीण जाते. शिवाय फाल्गुन-चैत्रापासून शेतकरी राब भाजतात. पालापाचोळा, शेण, फांद्या जाळल्याचा धूर रस्त्यावर लोळत असतो. अशा वेळी गाडीला दोष देण्यापूर्वी एक करावे. किलोमीटर-दोन किलोमीटर पुढे जावे, मोकळ्या जागी थांबावे, आणि खाली उतरून गाडीपासून वीस पावले वाऱ्याच्या दिशेने चालत जाऊन परत यावे. जागा बदलली तरी वास राहिला आणि गाडीजवळ येताच वाढला, तर तो गाडीचा. वीस पावले जाण्याचे दुसरेही कारण आहे. आपले नाक लवकर सरावते. जो वास सतत येतो तो काही मिनिटांत जाणवेनासा होतो. म्हणून चालकाला न येणारा वास नुकत्याच गाडीत बसलेल्या माणसाला येतो. अशा माणसाला वेड्यात काढू नये.

दुसरा प्रश्न : केव्हा? चढावर, गर्दीत किंवा गाडी मागे घेताना वास आला, तर संशय क्लचवर जातो. सरळ रस्त्यावर काही किलोमीटर गेल्यावर, ब्रेक फारसा न दाबताही आला, तर एखादा ब्रेक सुटत नसावा. उतार संपल्यावर सगळ्याच चाकांपाशी सारखा आला, तर ब्रेक अतिवापराने तापले. गाडी थांबवल्यावर बॉनेटमधून आला आणि पाच-दहा मिनिटांत ओसरला, तर तप्त नळीवर काहीतरी ठिबकत असावे. वातानुकूलन यंत्र, दिवे किंवा पंखा सुरू केल्याबरोबर आला, तर विजेच्या तारांकडे पाहावे. गाडी नवी कोरी असताना पहिल्या काही दिवसांत आला, तर ते बहुधा एक्झॉस्टच्या नळीवरचे संरक्षक मेण किंवा तेल जळत असते, आणि ते आपोआप थांबते. तसेच ऑइल बदलून आणल्यावर सांडलेले चार थेंब एक-दोन दिवस वास देतात. आठवडा उलटल्यावरही तो राहिला, तर मात्र ते सांडलेले नव्हे, गळणारे होय.

तिसरा प्रश्न : कशासारखा? येथे घरातल्या अनुभवाचा उपयोग होतो. रबराचा वास आला तर पट्टा घसरतो आहे, किंवा टायर कोठेतरी घासतो आहे. त्याच्याबरोबर बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज आला तर पट्टा, किंवा पट्ट्याने फिरणाऱ्या एखाद्या भागाचे बेअरिंग अडकले, असे समजावे. कढईतले तेल करपल्यासारखा दाट वास आला तर इंजिनचे ऑइल. इंजिनच्या माथ्यावरील झाकणाखाली गॅस्केट असते. ते वयाने कडक झाले की ऑइल झिरपते आणि शेजारच्या तप्त एक्झॉस्टवर पडून जळते. रेडिएटरमधल्या कूलंटचा वास पाकासारखा गोडसर असतो. तो आला की तापमानाच्या काट्याकडे लक्ष द्यावे. हे गोड पाणी कुत्र्यामांजरांना आणि मुलांना विषारी असते, म्हणून अंगणात सांडलेले भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. प्लॅस्टिक वितळल्यासारखा तिखट वास, डोळ्यांना चुरचुरणारा, हा तारांवरील वेष्टनाचा. ह्या वासाला एक क्षणही सवलत देऊ नये. आणि सडक्या अंड्याचा वास हा जळका नव्हे, पण पुष्कळ लोक त्याला तसे म्हणतात. तो एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडून किंवा जास्त चार्ज होणाऱ्या बॅटरीकडून येतो. बॅटरीचा संशय असेल तर तेथे काडी पेटवू नये, कारण त्या वेळी तिच्यातून ज्वालाग्राही वायूही निघत असतो.

एक वास ह्या यादीबाहेरचा आहे. पेट्रोलचा कच्चा वास किंवा सी.एन.जी.चा वास. सी.एन.जी.ला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. हे वास आले तर काहीही जळत नसते, आणि म्हणूनच ते अधिक भीतीचे. गाडी सुरू करू नये, सुरू असेल तर बंद करावी, माणसे उतरवावी आणि दूर उभे राहावे.

चौथा प्रश्न : कोठून? हा प्रश्न विचारायला कोणतेही हत्यार लागत नाही, तरी तो सर्वांत कमी विचारला जातो. गाडी सपाट जागी थांबवून, इंजिन बंद करून, चारही चाकांना एकदा प्रदक्षिणा घालावी. प्रत्येक चाकापाशी वाकून वास घ्यावा. मग तळहाताची मागची बाजू चाकापासून वीतभर दूर धरून उष्णता अजमावावी. स्पर्श करू नये. अडकलेल्या ब्रेकची तबकडी हात भाजून काढण्याइतकी तापलेली असते. पुढची दोन चाके एकमेकांशी ताडावी, मागची दोन एकमेकांशी. पुढची दोन्ही मागच्यांपेक्षा गरम असणे स्वाभाविक आहे, कारण थांबवण्याचे काम बव्हंशी तीच करतात. पण डावे थंड आणि उजवे रखरखीत, किंवा त्याच्या उलट, हे कधीही स्वाभाविक नव्हे. त्यानंतर गाडीखाली डोकावून सायलेन्सरला प्लॅस्टिकची पिशवी, नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा किंवा सुके गवत चिकटले आहे काय ते पाहावे. आमच्या किनाऱ्यावर जाळ्यांचे तुकडे रस्तोरस्ती पडलेले असतात. मोठ्या खर्चाच्या भीतीने गॅरेज गाठलेल्या माणसाला सायलेन्सरवर वितळलेली पिशवी सापडते, असे पुष्कळदा घडते.

आता ब्रेकविषयी थोडे विस्ताराने बोलू, कारण जिवाशी गाठ तेथेच आहे. ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे काय करतो? तो गतीची उष्णता करतो. याहून वेगळे काही करत नाही. हजार किलो वजनाची मोटार ताशी ७२ किलोमीटरने धावत असताना पूर्ण थांबवली, तर जी उष्णता निर्माण होते तिच्यात अर्ध्या लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. हे झाले एकदा थांबण्याचे. आता घाट घ्या. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे. तीच मोटार ४०० मीटर खाली उतरवताना सगळा भार ब्रेकवर टाकला, तर बारा लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता चार चाकांत जाते. प्रत्यक्षात हवेचा विरोध आणि इंजिन त्यातला वाटा उचलतात. पण इंजिनने उचलावा यासाठी गाडी गिअरमध्ये असावी लागते. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या एस.टी. चालकांचा नियम होय, आणि त्याला पदार्थविज्ञानाचा पूर्ण आधार आहे. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचते हा समज मात्र आता निराधार झाला आहे. हल्लीच्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन पूर्ण बंद होते. न्यूट्रलमध्ये इंजिन फिरत ठेवायला ते उलट जळत राहते.

ब्रेकची ही कहाणी मोटारीइतकीच जुनी आहे. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेली मोटार जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला घेऊन गेली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. वाटेत उतारांवर लाकडी ब्रेक झिजले. तिने एका चर्मकाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले आणि पुढे निघाली. आज आपण ज्याला लाइनर म्हणतो, त्याचा उगम हा असा एका बाईच्या प्रसंगावधानात आहे. त्याच प्रवासात एका उघड्या पडलेल्या तारेला तिने आपल्या मोज्याचा बंद गुंडाळला. म्हणजे ब्रेक आणि तार, जळक्या वासाची ही दोन मोठी घराणी, मोटारीच्या पहिल्याच लांब प्रवासात भेटली होती.

चामड्याच्या जागी पुढे ॲस्बेस्टॉसचे थर आले. ते आरोग्याला घातक ठरले. जुन्या गाड्यांत ते अजूनही असू शकतात. म्हणून ब्रेकच्या ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. आपल्या मिस्त्रींनाही हे सांगावे. ती धूळ त्यांच्या छातीत जात असते.

आता मुरब्याच्या अंगणाकडे परत येऊ. समुद्राच्या वाऱ्यात मीठ असते हे मुरब्याच्या पोरालाही ठाऊक आहे. खिडकीचे गज वर्षा-दोन वर्षांत कसे होतात ते तो रोज पाहतो. तोच वारा मोटारीच्या चाकांत शिरतो. पुढच्या चाकांच्या ब्रेकमध्ये एक लोखंडी चिमटा असतो. त्याला कॅलिपर म्हणतात. तो दोन बोटभर पिनांवर पुढेमागे सरकतो. पाय दाबला की चिमटा तबकडीला धरतो, पाय उचलला की सोडतो. त्या पिनांवरील रबरी टोपी फाटली आणि आत खारट ओल गेली, तर पिन गंजते आणि चिमटा धरतो, पण सोडत नाही. मग गाडी ब्रेक लागलेल्या अवस्थेतच धावत राहते. मागच्या चाकांत हाच प्रकार हँडब्रेकच्या तारेने होतो. ती ओढून ठेवून गाडी महिनोन्महिने उभी केली की तार आपल्या नळीत गंजून बसते आणि लाइनर ड्रमला चिकटतात.

आणि ह्याच्या जोडीला ब्रेकचे तेल. पायाचा जोर चाकापर्यंत नेण्याचे काम एक द्रव करतो. त्याचा एक दुर्गुण असा, की तो हवेतील ओलावा शोषतो. बाजारात मिळणाऱ्या डॉट ३ जातीच्या तेलाचा उत्कलनबिंदू नवे असताना २०५ अंश सेल्सिअस तरी असावा असा दंडक आहे. ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरलेला चालतो, असे तोच दंडक मानतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणजे जुन्या तेलाला उकळी फुटायला थोडीच उष्णता पुरते. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय खाली जातो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. वाघोबाच्या खिंडीत आमच्या पायाखाली घडले ते हे.

त्या वेळी काय केले? इंजिन बंद केले नाही, हे आधी सांगतो. ते बंद केले असते तर होता तो आधारही गेला असता. ब्रेक भराभर दोन-चार वेळा दाबून पाहिला. गाडी तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, तेव्हा इंजिन ओरडले, पण वेग उतरला. मग हँडब्रेक थोडा थोडा, बटण दाबून धरून, ओढत आणला. हँडब्रेक तारेने मागच्या चाकांना लागतो; त्याचा ह्या तेलाशी संबंध नसतो, म्हणून तो शाबूत होता. डोंगराच्या बाजूला मातीची कड होती, तिला गाडी टेकवून उभी केली. डाव्या पुढच्या चाकातून धूर येत होता.

एक सज्जन बाटली घेऊन धावत आले. त्यांना हात जोडून थांबवले. लालसर तापलेल्या तबकडीवर थंड पाणी ओतले तर ती तडकू शकते, आणि वाफेने ओतणाराचा हात भाजतो. ज्वाला असेल तर गोष्ट निराळी. नुसता ताप असेल तर वाट पाहणे हाच उपाय. अर्ध्या-पाऊण तासाने चाक निवले आणि नवल असे, की ब्रेक पुन्हा पूर्ववत लागू लागला. वाफेचे परत द्रव झाले होते. येथेच पुष्कळ माणसे फसतात. ब्रेक आला म्हणून पुढे निघतात आणि पुढच्या उतारावर तो दुसऱ्यांदा जातो. आम्ही गाडी तेथेच सोडली, आत्याला दुसऱ्या वाहनाने मनोरला पोचवले आणि मोटार उचलून न्यायला माणूस बोलावला.

वाट पाहताना आत्या दगडावर बसली होती. तिला गाडीतली थंड हवा सोसत नाही, म्हणून तिने मुरब्यापासून आपली डावीकडची काच उघडी ठेवली होती. ती शांतपणे म्हणाली, “अरे, ह्याच चाकाचा वास येतोय मला सकाळपासून. बोंबील उतरलाय की चांगला आहे, ते मी टोपली न उघडता सांगते. मला चाक कळणार नाही?”

आम्ही विचारले, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, “तू मिस्त्रीला पैसे देऊन आलेला. मला कोण विचारतो?”

श्रोतेहो, तीन आठवड्यांत गाडीने खुणा थोड्या दिल्या नव्हत्या. ती किंचित डावीकडे ओढत होती. पेट्रोल जास्त लागत होते. अंगणातल्या हलक्या उतारावर हँडब्रेक सोडला तरी ती आपसूक हलत नव्हती. क्लच घसरत असता तर इंजिनचा आवाज वाढून वेग वाढला नसता; तसे एकदाही झाले नव्हते. म्हणजे पुरावा सगळा ब्रेकच्या बाजूने होता. आम्ही तो मिस्त्रींपुढे मांडलाच नाही. आम्ही फक्त म्हणालो, क्लचचा वास येतोय असे वाटते. त्यांनी आमचेच वाक्य आम्हांला विकत दिले. दोष त्यांचा होता, तसा आमचाही होता. वैद्याकडे जाऊन रोगाचे नाव सांगू नये, लक्षणे सांगावी, गॅरेजातही तसेच. केव्हा, कशासारखा, कोठून, हे कागदावर लिहून न्यावे. आणि कोणताही भाग बदलण्यापूर्वी तो का बदलायचा ते दाखवायला सांगावे. चांगला मिस्त्री ह्याने रागावत नाही. त्याला आनंदच होतो.

दुरुस्ती म्हणाल तर ती क्लचच्या मानाने किरकोळ होती. पिना काढून साफ केल्या, रबरी टोप्या बदलल्या, उष्णता सोसणारे विशिष्ट ग्रीस लावले. दोन्ही पुढच्या चाकांचे पॅड एकदमच बदलले, कारण एकाच बाजूचे बदलले तर गाडी ओढते. तबकडी निळसर पडून वाकली होती, ती बदलली. जुने तेल पूर्ण काढून नवे भरले. तेव्हापासून दर दोन वर्षांनी ते बदलतो, पावसाळ्यानंतर गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुतो, आणि समुद्राकाठी गाडी पुष्कळ दिवस उभी ठेवायची झाल्यास हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावतो.

क्लचची बाजू अगदीच सोडून चालणार नाही. केळव्याच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी उभे राहा. वाळूत मोटार घालून रुतवलेला एखादा पाहुणा हमखास दिसेल. तो ॲक्सिलरेटर दाबतो, चाक जागीच फिरते, क्लच अर्धा दाबलेला, आणि वास थेट सुरूच्या झाडांपर्यंत. अशा वेळी थांबावे, चाकापुढची वाळू उकरावी, फळी घालावी, चार माणसांचा हात घ्यावा. गर्दीत क्लचवर पाय ठेवून गाडी चढावर तोलून धरणे हीही तीच सवय. एकदा वास आला म्हणजे क्लच गेला असे नव्हे. निवू दिला आणि पुन्हा न आला तर विसरावा. इंजिन ओरडते पण गाडी धावत नाही, असे होऊ लागले की मग बदलावा.

तारांविषयी दोनच गोष्टी. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठ्या आकड्याचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपेचे औषध देणे होय. फ्यूज वाचतो आणि तार पेटते. आणि पावसाळ्यात बॉनेट अधूनमधून उघडून पाहावे. उंदीर ऊब पाहून येतात, तारा कुरतडतात, काड्यांचे घरटे इंजिनवर बांधतात. ज्या गाडीतून मासळीच्या पाट्या जातात तिच्याकडे त्यांचा ओढा अधिक. बाजारातून जादा दिवे, जादा भोंगे बसवून घेताना मूळ तारा कापून जोड दिला जात असेल तर तो नाकारावा.

डिझेल गाड्या वापरणारांसाठी एक नवी गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे मानक लागू झाले, तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींत काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, आणि त्या वेळी गाळणी सुमारे ६०० अंशांपर्यंत तापते. नेमकी तेव्हाच गाडी बंद केली तर तप्त धातूचा वास येतो आणि पंखा फिरत राहतो. हा बिघाड नव्हे. आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा तास सलग चालवली की ते काम पुरे होते. पण अशी गाडी कधीही वाळक्या गवतावर उभी करू नये.

शेवटी, वास आला त्या क्षणी काय करावे ते थोडक्यात सांगतो. वेग कमी करून सुरक्षित जागी थांबावे, इंजिन बंद करावे, माणसे आधी उतरवावी आणि सामान नंतर. धूर नसेल तर चार प्रश्न विचारावे. तापमानाचा काटा वर असेल तर रेडिएटरचे झाकण उघडू नये. गाडी पूर्ण निवेपर्यंत थांबावे. बॉनेटखालून धूर येत असेल तर ते एकदम पूर्ण उघडू नये, कारण हवा मिळताच ज्वाला उसळते. विझवण्याचे नळकांडे जवळ असेल तर फटीतून मारावे. नसेल तर दूर जाऊन ११२ ला फोन करावा. विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या बॅटरीतून वास किंवा धूर आला तर स्वतः काही करू नये, फक्त दूर जावे. मोटार पुन्हा घेता येते.

आत्या अजून आमच्या मोटारीत बसते. बसण्यापूर्वी चाकाशी क्षणभर थांबते, आणि मग दार उघडते. पूर्वी आम्ही ह्याला म्हातारपणाचा चाळा म्हटले असते. आता ती बसेपर्यंत आम्ही किल्ली फिरवत नाही.